न गळणाऱ्या नळ्या

ताश्कंद, ११ मार्च २०१९

मामा, तुम्हाला सलाम, मामींना सलाम आणि मामींच्या कोंबड्यांनाही सलाम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मामींना सांगावं तर त्या माझं अर्धं सांगतात आणि उरलेलं स्वतःचं घालतात, म्हणून ही चिठ्ठी. सोतवोल्दीअकांच्या टॅक्सीतून पाठवते आहे, त्यामुळे उद्या दुपारी ती मार्गिलानला तुमच्या हातात असेल.

तुम्ही विणून दिलेल्या दोन रेशमी नळ्यांपैकी एक आम्ही मेंढीच्या मानेतल्या धमनीत बसवली. आज एकोणीस दिवस झाले, रक्त व्यवस्थित वाहतंय आणि मेंढी चारा खाऊन वर लाथा मारते आहे. टाके आमच्या प्राध्यापकांनी, झोकिर नबियेविच दोम्लांनी, स्वतः घातले. मी चिमटा धरून उभी होते. दुसरी नळी कापून तिच्या चाचण्या केल्या.

तुम्ही विचारलं होतं की बाजारात तयार नळ्या मिळत नाहीत का. मिळतात, पण जाड धमन्यांसाठी. गुडघ्याखाली धमनी काडीएवढी बारीक होते आणि तिथे ती कृत्रिम नळी वर्षा-दोन वर्षांत बुजते. ज्याच्या अंगात उसनी घ्यायला स्वतःची चांगली शीरही नाही, त्याचा पाय जातो. असे पाय मी दर महिन्याला पाहते. म्हणून तुमच्या मागे लागले.

आणखी चार नळ्या हव्यात. घाई नाही. दोम्ला म्हणाले, "तुझ्या मामांचा हात सुरेख आहे. पण नळी गळते बरं का!" खरंच थोडी गळते. विणीतून रक्त झिरपू नये म्हणून शिवण्याआधी नळी मेंढीच्याच रक्तात भिजवून ठेवावी लागते. त्याचं काही मनावर घेऊ नका, आपलं सांगितलं.

तुमची भाची,
मुहय्यो

*

मार्गिलान, २८ मार्च

मुहय्योजान,

नवरोझ झाला, तू आली नाहीस. तुझ्या वाटणीचं सुमलक मामीने झाकून ठेवलं होतं. ते मी खाल्लं.

मनावर घेऊ नका म्हणतेस! चाळीस वर्षं मागावर बसलोय. माझ्या वडिलांच्या कापडातून पाणी गळलं असं कोणी म्हटलं असतं तर त्यांनी त्या माणसाशी सोयरीक केली नसती. आणि तुझे दोम्ला म्हणतात नळी गळते! पहिल्या दोन नळ्या मी घाईत दिल्या होत्या. सोतवोल्दी गाडी चालू ठेवून दारात भोंगा वाजवत होता. भोंगा मला ऐकू येत नाही, पण त्याचं तोंड दिसतं ना. तरुणपणी कुदुंगच्या दुकानात कापडावर हातोडे मारून कान गेले, डोळे शाबूत आहेत.

या चार नळ्या घे. यांतून थेंब गळला तर मला उस्ता योल्दोश म्हणू नकोस, नुसतं योल्दोश म्हण.

शेजाऱ्यांना वाटतं मी पायजम्याच्या नाड्या विणतोय. चायखान्यात विचारतात, "उस्ता, एवढ्या बारीक नाड्या कुणाच्या लग्नातल्या?" मी म्हणतो, मेंढीच्या. मग गप्प बसतात.

तुझी मामी वैतागली आहे. कोंबड्या ओरडतात, पण अंडी सापडत नाहीत. तिचा मुंगसावर संशय आहे. मी काही बोलत नाही.

तुझा मामा,
योल्दोश

*

ताश्कंद, १९ एप्रिल

उस्ता योल्दोश मामा!

उस्ताच म्हणणार. एक थेंब गळत नाही! नळीत पाणी भरलं, दोन्ही टोकं बांधली आणि टिपकागदावर रात्रभर ठेवली. सकाळी कागद कोरडा. आणि काय चमक आहे हो! दोम्लांनी ती दिव्यापाशी धरून फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "ही धमनीत घालायची का गळ्यात घालायची?" तुम्ही केलं तरी काय?

आता रक्तात भिजवण्याची कटकटही गेली. पहिल्या खेपेच्या नळीवर सगळ्या चाचण्या झालेल्याच होत्या, म्हणून या नळ्या धुवून, वाफेच्या भांड्यात निर्जंतुक करून थेट वापरायला घेतल्या.

आता खरी बातमी. परवा हात धुताना दोम्ला मला म्हणाले, "आज तू शीव. मी चिमटा धरतो." मामा, आजवर मी चिमटाच धरला होता. डोळ्यांवर भिंगांचा चष्मा होता, दोरा केसाहून बारीक. पण सुई हातात आली आणि आईची आठवण झाली. ती दोप्पी टोपीवर टाके घालताना श्वास रोखायची ना, तसाच मीही रोखला. दोन्ही जोड मी केले. मग धमनीभोवती ती नवीन कडी अडकवली. एवढीशी कडी आहे, दर मिनिटाला किती रक्त गेलं ते पडद्यावर दाखवते. पडद्यावर आकडा चढला आणि दोम्ला म्हणाले, "छान." ते "छान" वर्षातून दोनदा म्हणतात.

मुहय्यो

*

मार्गिलान, २ मे

मुहय्योजान,

तुझी चिठ्ठी मी तीनदा वाचली आणि चायखान्यात दोनदा वाचून दाखवली. आता तिथे कोणी नाडी म्हणत नाही.

काय केलं ते विचारू नकोस. कारागिराचं गुपित असतं. माझे उस्ता वारले तेव्हा त्यांच्या मुलालाही त्यांनी सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं.

घरात रेशमाचे किडे आहेत. पाला खाताना म्हणे पावसासारखा आवाज करतात. मामी सांगते, मी मान डोलवतो. आमची झोपायची जागा त्यांनी घेतली, आम्ही ओसरीत झोपतो. ओयदिन असती तर आज तिने अख्ख्या मोहल्ल्याला ओश खाऊ घातला असता. माझ्या बहिणीची मुलगी धमन्या शिवते!

मामा

*

ताश्कंद, २७ मे

मामा,

चायखान्यात ही चिठ्ठी वाचू नका.

तिन्ही मेंढ्यांच्या नळ्या बुजल्या. मी शिवलेल्या तिन्ही, एप्रिलमधली आणि त्यानंतरच्या दोन. पहिली नवव्या दिवशी, दुसरी बाराव्या, तिसरी पुन्हा नवव्या. सोनोग्राफीत पाहिलं तर रक्त थांबलेलं. उघडून पाहिलं तर नळीभर गुठळी. आणि दोम्लांनी शिवलेली ती पहिली मेंढी! तिला शहाण्णव दिवस झाले, तिचं रक्त खळाळतं आहे.

नळी तीच, मेंढ्यांची जात तीच, चारा तोच. बदलला तो फक्त हात. दोम्ला रागावलेसुद्धा नाहीत, हेच मला लागलं. एवढंच म्हणाले, "मुहय्यो, टाका ओढताना तू धमनी आवळतेस का? ही मेंढीची मान आहे, टोपी नाही." मग थोड्या वेळाने म्हणाले, "सगळ्यांनाच हे जमतं असं नाही."

२० जूनला समिती बसते आहे. मला शस्त्रक्रियेच्या टेबलावरून काढून तपासणी विभागात द्यायचं, असं ठरल्यात जमा आहे. मी नळीला दोष दिला तर नाचता येईना अंगण वाकडं असंच म्हणतील. आणि तुमच्या नळीला दोष मी देणारही नाही. तिच्यासारखी नळी कोणी विणली नसेल.

आता नळ्या विणू नका. तुमचे डोळे उगीच शिणतील.

मुहय्यो

*

मार्गिलान, ५ जून

मुहय्यो,

ओयदिनच्या मुलीचा टाका चुकत नाही. तू सात वर्षांची असताना माझ्या फाटलेल्या चापान अंगरख्याला टाके घातलेस. चापान विरलं, टाके अजून आहेत.

मला दोन गोष्टी लिही. नळ्या धुता त्या कशाने? आणि वाफेचं भांडं म्हणतेस ते किती गरम होतं?

मामा

*

ताश्कंद, ९ जून

मामा,

हे कशाला हवंय तुम्हाला? कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुतो. वाफेचं भांडं उकळत्या पाण्याहून पुष्कळ गरम असतं, त्यात वीस मिनिटं ठेवतो.

चापानचं वाचून हसले आणि मग रडले. रोज संध्याकाळी कोंबडीच्या तंगड्या आणून त्यातल्या शिरा शिवत बसते. शिवून झाल्या की पाणी सोडून बघते. एकही आवळलेली नाही. पण कोंबडी मेलेली असते, तिच्यात रक्त कुठे गोठणार?

चिरचिकच्या एका दवाखान्यात सोनोग्राफीची जागा आहे. काम वाईट नाही. पण मामा, ज्या बाईचा पाय मागच्या आठवड्यात गेला, तिने मला विचारलं, "मुली, काहीच नव्हतं का दुसरं?" मी म्हणाले, अजून नाही. ते "अजून" मला कुणा दुसऱ्याच्या हाती सोडायचं नाहीये.

मुहय्यो

*

मार्गिलान, १७ जून

मुहय्योजान,

ही चिठ्ठी लिहायला घेतली त्याला चार दिवस झाले, अर्धीच दोप्पीच्या अस्तरात घालून हिंडतोय. सोतवोल्दी रोज तोंड हलवून विचारतो, "उस्ता, ताश्कंदला काही द्यायचंय?" मी मान हलवतो. आज पुरी करून देतो आहे. तुझी समिती तेरवा आहे, हे बोटांवर मोजून देतो आहे.

तुझे टाके चांगले आहेत. नळ्या मी बिघडवल्या.

तुझे दोम्ला गळते म्हणाले ते मला झोंबलं. शिवाय त्या पहिल्या नळ्या निस्तेज होत्या, नुसत्या मागावरून काढलेल्या. असं कापड मी आयुष्यात कुणाला दिलं नाही. आमच्याकडे कापड मागावरून उतरलं की कुदुंग करतात. अंड्याचा पांढरा बलक फासायचा, ते गुळगुळीत लाकडावर ठेवायचं आणि लाकडी हातोड्याने ठोकायचं. मग कापडाला झळाळी येते आणि विणीतली भोकं बुजतात. सगळा मार्गिलान हे करतो, गुपित म्हणालो ती माझी फुशारकी. मी तुझ्या चारही नळ्यांना तसंच केलं. काचेच्या काडीवर चढवून, एवढ्याशा हातोडीने, मामीची सव्वीस अंडी चोरून. मुंगूस मी होतो.

तू वाफेचं लिहिलंस आणि मी भिंतीला टेकलो. अडाणी माणसालाही कळतं की वाफेत अंडं शिजतं. तुझ्या मेंढ्यांच्या रक्तात मी शिजलेलं अंडं घातलं.

मला पाच तारखेलाच संशय आला होता. ओयदिनच्या मुलीचा टाका चुकत नाही, असं मी लिहिलं, आणि लिहितानाच मनात आलं की टाका चुकला नाही तर मग उरलं काय? कापड. तरी बारा दिवस गप्प बसलो. चायखान्यात तोंड कसं दाखवू, उस्ता म्हणवून कसं घेऊ, हाच विचार. तुझी जागा जायची वेळ आली आणि मी माझ्या नावाला कुरवाळत बसलो. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी अंड्याची वाटत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ही चिठ्ठी समितीपुढे ठेव. वाचून दाखव. माझं नाव घेऊन वाचून दाखव.

मामा

*

ताश्कंद, २१ जून

मामा,

तुमची चिठ्ठी १८ला संध्याकाळी पोचली. मी सोतवोल्दीअकांच्या गाडीतच बसून वाचली. ते म्हणाले, "कोणी वारलं का?" मी म्हणाले, नाही, कोणीतरी जगलं.

खोटं बोलणार नाही, आधी तुमचा राग आला. बारा दिवस, मामा! मग शेवटची ओळ पुन्हा वाचली. माझं नाव घेऊन वाचून दाखव, असं तुम्ही लिहिलं होतंत, आणि राग टिकला नाही.

चौथी नळी वापरलीच नव्हती आणि पहिल्या खेपेतल्या कापलेल्या नळीचा तुकडा बाटलीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवले. जुन्या तुकड्यात दोऱ्यादोऱ्यांत फटी, चाळणीसारख्या. नव्या नळीत फट नाहीच, वर पातळ पापुद्रा. मग दोन्हींत मेंढीचं ताजं रक्त घातलं. जुन्यात गोठायला अकरा मिनिटं लागली, नव्यात चार.

दोम्लांना बोलावलं. त्यांनी खूप वेळ पाहिलं.

"हा पापुद्रा कसला?"

"अंडं."

"काय?"

"अंड्याचा पांढरा बलक, दोम्ला. आमच्या वाफेत शिजलेला."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तीस वर्षं मी धमन्या शिवतोय," ते म्हणाले, "आजवर कोणी धमनीत आम्लेट केलं नव्हतं!" आणि हसत सुटले. मला वाटलं, सुटले मी. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आणि तू? दुसऱ्या खेपेच्या नळ्यांची रक्ताची चाचणी?"

केली नव्हती, मामा. वीस मिनिटांचं काम. नळी गळत नाही, चमकते, याच आनंदात मी ती चाचणी सोडली. गळत नाही याचा अर्थ काहीतरी बदललं, हे मला कळायला हवं होतं. उलट त्या फटी हव्याच असतात. त्यांतूनच मेंढीच्या पेशी आत शिरतात आणि नळीला आतून अस्तर लावतात. ते अस्तर लागलं तरच नळी बुजत नाही. तुम्ही एक गोष्ट जास्त केलीत, मी एक कमी केली.

समितीत तुमची चिठ्ठी मी वाचली, नावासकट. सव्वीस अंड्यांवर एक म्हातारे सभासद टेबलावर हात आपटून हसले. मग मी माझी चूक सांगितली आणि कोणी हसलं नाही. शेवटी ठरलं ते असं. आणखी तीन मेंढ्या. टाके मीच घालायचे. नव्वद दिवस. एक जरी नळी बुजली तरी मी टेबल सोडायचं, मग कारण अंडं असो वा आणखी काही.

तर उस्ता योल्दोश, मला नळ्या पाठवा. घाईत केलेल्या, मागावरून नुसत्या उतरवलेल्या, निस्तेज.

मुहय्यो

*

मार्गिलान, २९ जून

मुहय्योजान,

सहा पाठवतो आहे. कशालाही लावलेल्या नाहीत, हातसुद्धा धुवून लावला. असं कापड घराबाहेर पाठवताना जीव खालीवर होतो, पण पाठवतो आहे. पाणी ओतून पाहिलं, सहाही गळतात.

मामीला सगळं सांगितलं. ती तीन दिवस बोलली नाही. मला ऐकू येत नाही हे विसरून न बोलण्याची शिक्षा देत होती.

चायखान्यातही सांगितलं. आता माझं नाव तिथे मुंगूस पडलं आहे. पडू दे.

मामा

*

ताश्कंद, १४ ऑक्टोबर

मामा,

तीन महिने चिठ्ठी लिहिली नाही. भीतीने लिहिली नाही. दर सोमवारी तीन मेंढ्यांच्या मानेवर सोनोग्राफीचं यंत्र ठेवायचे आणि पडद्याकडे बघण्याआधी डोळे मिटायचे. नववा दिवस गेला, बारावा गेला. चाळिसाव्या दिवशी तिसरीचा प्रवाह थोडा कमी दिसला तेव्हा मी दोन दिवस गोठ्याबाहेरच चहा प्यायले. मग कळलं की ती मान वाकडी करून झोपते म्हणून.

काल एक्क्याण्णव दिवस झाले. तिन्ही वाहतायत. तिन्ही, मामा!

नियमाप्रमाणे एका मेंढीची नळी बाहेर काढून पाहावी लागते. मेंढीला आम्ही झोपेतच निरोप दिला. दोम्लांनी हात पसरून तिच्यासाठी दुआ मागितली, मानणारे, न मानणारे सगळेच उभे राहिले. नळी मी लांबीत चिरली. आत गुठळी नाही. ओला, गुलाबी, गुळगुळीत पृष्ठभाग. धमनी कुठे संपते आणि नळी कुठे सुरू होते ते बोटाला कळेना. काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. टोकापासून टोकापर्यंत पेशींचं अस्तर, मेंढीचं स्वतःचं.

दोम्ला बघत बघत म्हणाले, "रेशीम कुठाय?"

शोधावं लागलं, मामा. तुमचे धागे खाली होते, मांसात विरत चाललेले. वरून काहीच दिसत नव्हतं.

मग दोम्ला म्हणाले, "आणि जोड?" मी जोड दाखवला. त्यांनी तो भिंगाखाली धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि अहवालाचा कागद ओढून स्वतःच्या हाताने लिहिलं: "टाके, डॉ. मुहय्यो. नळी, उस्ता योल्दोश, मार्गिलान." मला म्हणाले, "पुढच्या सहा मेंढ्याही तूच शिवायच्या. त्याही चालल्या तर माणसांसाठी परवानगी मागू. वेळ लागेल. घाई करू नकोस, आणि चाचणी सोडू नकोस."

वर्षं लागतील, मला माहीत आहे. पण आता कोणी विचारलं, काहीच नव्हतं का दुसरं, तर मी म्हणेन, येतंय.

मुहय्यो

*

मार्गिलान, १८ ऑक्टोबर

मुहय्योजान,

तुझी चिठ्ठी मागावर बसल्या बसल्या वाचली. वाचून उठलो आणि चिठ्ठी घेऊन मामीकडे धावलो. मामीने मला पकडून ओसरीत बसवलं, चिठ्ठी हातातून घेतली, वाचली आणि कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन रडली.

"रेशीम कुठाय?" हे वाक्य मी कालपासून चघळतो आहे. चाळीस वर्षं कापड विणलं ते लोकांनी उन्हात धरून बघावं म्हणून. लग्नात बायका त्यावर हात फिरवतात आणि विचारतात, हे कोणी विणलं. हे पहिलंच कापड असं निघालं की शोधूनही सापडत नाही. वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं. माझं रेशीम विरलं आणि रक्त वाहत राहिलं, एवढ्यावर मी खूश आहे. नव्या सहा नळ्या सोबत आहेत.

दुपारी ओयदिनच्या कबरीवर गेलो. गवत वाढलं होतं, ते उपटलं. मग तिला सगळं सांगितलं. मी तुझ्या मुलीचा हात बदनाम केला होता, ओयदिन, बारा दिवस गप्प बसलो होतो. तिने तो हात परत मिळवला. तुझ्यासारखाच टाका घालते, श्वास रोखून. कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते सापडत नाही. तिच्या दोम्लांनी कागदावर लिहून दिलंय.

माझा आवाज मला कळत नाही, तुला माहीत आहे. कबरस्तानाचा राखणदार फावडं टाकून धावत आला. त्याचं तोंड मी वाचलं. विचारत होता, "उस्ता, मेलेल्या माणसावर कशाला ओरडताय?"

मी म्हटलं, ओरडत नाही रे बाबा. आनंदाची बातमी हळू कशी सांगू?

तुझा मामा,
योल्दोश